मिलिगन, स्पाइक

(१६ एप्रिल १९१८–२७ फेब्रुवारी २००२). ब्रिटिश रंगभूमी, नभोवाणी व दूरचित्रवाणी या क्षेत्रांत गाजलेला विनोदी नट, लेखक आणि कवी. संपूर्ण नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. बी.बी.सी.च्या नभोवाणीवरील द गून शो (१९५१–६०) या कार्यक्रमाचा प्रमुख लेखक आणि त्यातील एक मुख्य नट म्हणून तो विशेष प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी विनोदाला असंबद्धतेचे आणि कल्पनाविलासाचे जे वळण मिळाले, त्याचे श्रेय मुख्यतः त्याच्याकडे जाते. त्याचा जन्म, शिक्षणाचा आरंभ आणि आजोळ यांचा संबंध महाराष्ट्राशी आहे. पुढील आयुष्यात त्याला ब्रिटनमध्ये अमाप लोकप्रियता मिळाली. ब्रिटिश नागरिकत्व मात्र त्याच्याजवळ अखेरपर्यंत राहिले नाही.

मिलिगनचा जन्म अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे एका लष्करी कुटुंबात झाला. वडील लिओ मिलिगन आयर्लंडमध्ये जन्मलेले. ब्रिटिश तोफखान्यातील नोकरीच्या निमित्ताने ते हिंदुस्थानात होते. आई फ्लॉरेन्स इंग्रज; तिचे वडीलही तोफखान्यातच होते आणि खडकीच्या छावणीत राहत. सैनिकांच्या करमणुकीसाठी छावण्यांतून जे कार्यक्रम होत, त्यांत हे पतिपत्नी हौसेने भाग घेत. लिओला नाटकी वेषांतराचे आणि अमेरिकन गुराख्यांच्या साहसकथांचे मोठे वेड होते. मुलाचे बालपण पुण्यात गेले. पुणे छावणीतील जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट या शाळेत त्याचे प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे वडिलांची बदली झाल्याने कुटुंब रंगूनला गेले. तेथे तो सेंट पॉल्स हायस्कूलमध्ये शिकला. त्याचा धाकटा भाऊ डेझ्मंड याचा जन्म रंगूनचाच. बिगुलाच्या इशाऱ्यावर चालणारी दिनचर्या, कवायती व मिरवणुका, घरात राबणारे नोकरचाकर, त्यांची भाषा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा डौल या वातावरणात तो वाढला. हे जग मुलाला वैभवशाली वाटले असले, तरी त्याचा पाया किती तकलादू आहे हे त्याला लवकरच कळले. १९३० नंतर जागतिक मंदीमुळे लष्करी खर्चात कपात झाली, वडिलांची नोकरी संपली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हा शब्द येथे आईवडिलांपुरताच खरा. मुलांनी तो देश पूर्वी पाहिलेला नव्हता असे म्हटले तरी चालेल. लंडनच्या आग्नेय भागातील कॅटफर्ड येथे बेताच्या भाड्याच्या जागेत, थंडीत व धुक्यात त्यांचे नवे जीवन सुरू झाले. पुण्यातील आणि रंगूनमधील ऊन मिलिगनच्या आठवणींत जन्मभर राहिले आणि हिंदुस्थानातील बालपणाबद्दल तो नेहमी आपुलकीने बोले.

शाळा सुटल्यावर त्याने वुलिच येथील सरकारी शस्त्रागारात कारकुनी केली. याच काळात त्याला जॅझ संगीताचा छंद लागला. ट्रंपेट, गिटार इ. वाद्ये तो वाजवू लागला आणि स्थानिक वाद्यवृंदांतून गाऊही लागला. ‘स्पाइक’ हे नाव त्याने उचलले ते स्पाइक जोन्झ या अमेरिकन वादकाच्या वृंदावरून. भांडी, भोंगे आणि पिस्तुलांचे बार यांचा वापर करून प्रतिष्ठित गीतांची रेवडी उडविणारा हा वृंद होता. पुढे गून शोमध्ये ध्वनींचा जो उपयोग मिलिगनने केला, त्याचे एक मूळ येथे शोधता येते.

१९४० मध्ये तो सैन्यात दाखल झाला. आजोबा आणि वडील यांच्याप्रमाणे त्याच्याही वाट्याला तोफखानाच आला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल येथे त्याच्या ५६ व्या अवजड तोफखाना रेजिमेंटने दीर्घकाळ मुक्काम केला. १९४३ च्या आरंभी ही तुकडी उत्तर आफ्रिकेत उतरली आणि ट्युनिशियातील मोहीम संपल्यावर इटलीत गेली. ट्युनिशियात असताना नीट न रोवलेली एक अवजड तोफ गोळा सुटण्याच्या धक्क्याने कड्यावरून घरंगळली आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या तुकडीच्या गाडीजवळ पडली. त्या गाडीत हॅरी सीकम हा वेल्श सैनिक होता. अंधारात कोणीतरी गाडीचा पडदा सारून तोफ हरवल्याची चौकशी करू लागला. हरवलेल्या तोफेचा रंग कोणता होता, असा उलट प्रश्न त्याला करण्यात आला. चौकशी करणारा मिलिगन होता. ही हकीकत दोघेही रंगवून सांगत, हे लक्षात घेतले, तरी पुढील गून शोची सारी रीत तीत बीजरूपाने दिसते.

जानेवारी १९४४ मध्ये माँते कास्सीनोच्या लढाईत उखळी तोफेच्या गोळ्याने मिलिगन जखमी झाला. पायाची जखम साधी होती. मनावरील आघात मात्र गंभीर ठरला. त्याला कंप सुटे, बोलताना तो अडखळे आणि तोफांचा आवाज झाला की रडू कोसळे. अशा स्थितीत त्याला पुन्हा आघाडीवर पाठविण्यात आले. त्याच्या सांगण्याप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याने या अवस्थेला भेकडपणा समजून त्याचा लान्स बाँबर्डियर हा हुद्दा काढून घेतला. युद्धातील मानसिक आघाताचे निदान व उपचार त्या वेळी प्राथमिक अवस्थेत होते आणि त्याकडे पाहण्याची लष्कराची दृष्टी मुख्यतः शिस्तीची होती. आघाडीवरून मागे आणल्यावर त्याला किरकोळ कामे देण्यात आली. मग सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या कलापथकात त्याचा समावेश झाला. व्हायोलिन, डबल-बास आणि गिटार असे तिघांचे ‘बिल हॉल ट्रिओ’ हे पथक फाटक्या कपड्यांत, विनोदी हावभाव करीत वाद्ये वाजवी. सैन्यातून मुक्त झाल्यावरही हे त्रिकूट काही काळ इटलीत व इंग्लंडमध्ये कार्यक्रम करीत होते.

युद्धोत्तर लंडनमध्ये सैन्यातून सुटलेले अनेक तरुण नट विनोदी कार्यक्रमांत संधी शोधत होते. या धडपडीत मिलिगनची सीकमशी पुन्हा गाठ पडली आणि त्याच्यामार्फत मायकेल बेंटीन व पीटर सेलर्स यांची ओळख झाली. व्हिक्टोरिया भागातील ‘ग्राफ्टन आर्म्स’ हे मद्यगृह त्यांचा अड्डा होता. मालक जिमी ग्राफ्टन हा स्वतः नभोवाणीसाठी विनोदी संहिता लिही. मिलिगनला त्याने लेखनाचे काम दिले आणि काही काळ राहण्यास जागाही दिली. चौघांनी सैनिकी थट्टेच्या धर्तीवर तयार केलेले नमुने बी.बी.सी.ने बऱ्याच काचकुचीनंतर स्वीकारले. २८ मे १९५१ रोजी क्रेझी पीपल या नावाने कार्यक्रमाला प्रारंभ झाला आणि १९५२ मध्ये तो द गून शो या नावाने प्रसारित होऊ लागला. ‘गून’ हा शब्द पॉपाय या अमेरिकन व्यंगचित्रमालेतील बोजड, केसाळ प्राण्यांवरून घेतलेला आहे. बेंटीन १९५२ मध्ये बाहेर पडला. मिलिगन, सेलर्स व सीकम या त्रयीने २८ जानेवारी १९६० पर्यंत दहा मालिका केल्या.

गून शोचे बाह्यरूप अर्ध्या तासाच्या साहसकथेचे होते. साम्राज्यकालीन शौर्यकथा, गुप्तहेरांच्या कादंबऱ्या, युद्धपट यांचे सांगाडे घेऊन त्यांत वेडगळ आशय भरला जाई. सीकमचा नेडी सीगून हा भोळा नायक प्रत्येक वेळी फसविला जाई. फसविणारे दोघे : एक सेलर्सचा ग्रिटपाइप-थिन हा सभ्य आवाजाचा भामटा आणि दुसरा मिलिगनचा मोरिआर्टी हा भुकेकंगाल फ्रेंच सरदार. सेलर्सचा मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला लाचखाऊ व भित्रा अधिकारी. त्याच्या पोटातील खळबळीचा जो ध्वनी कार्यक्रमात ऐकू येई, तो बी.बी.सी.च्या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ध्वनिप्रयोगशाळेच्या आरंभीच्या निर्मितींपैकी एक होय. मिनी बॅनिस्टर या जख्ख म्हातारीचे आणि एकल्स या निर्बुद्ध पण समाधानी माणसाचे काम मिलिगन स्वतः करी. छावणीत आजोबा-वडिलांच्या पिढ्यांनी ज्या अधिकाऱ्यांना सलाम ठोकले, त्यांचीच ब्लडनॉक ही प्रतिमा आहे. साम्राज्य ओसरत असताना त्याची ही थट्टा त्याच साम्राज्याच्या तोफखान्यातून बाहेर पडलेल्या एका गनराने करावी, याला एक वेगळाच अर्थ येतो.

या विनोदाला असंबद्ध म्हणण्याची प्रथा आहे; परंतु त्याचे तर्कशास्त्र कडक असते. एका प्रसंगात ब्लूबॉटल हा पोरगा एकल्सला किती वाजले ते विचारतो. एकल्स खिशातील कागद पाहून आठ वाजल्याचे सांगतो. सकाळी एका सद्‌गृहस्थाला वेळ विचारली असता त्याने ती त्या कागदावर लिहून दिलेली असते. दुसऱ्या वेळी कोणी विचारले आणि आठ वाजलेले नसले तर काय, या शंकेवर एकल्सचे उत्तर तयार असते : तसे असेल तेव्हा तो कागद दाखवायचाच नाही. गृहीत तेवढे वेडे असते. त्यापुढील प्रत्येक पायरी बिनचूक असते. वरून आलेला हुकूम निरर्थक असला तरी त्याची अंमलबजावणी काटेकोर करायची, हा लष्करी जीवनाचा अनुभव त्यामागे आहे. १९५४ मधील एका भागात युद्धकालीन काळोखात बेक्सहिलच्या नागरिकांवर कोणी अज्ञात इसम पुडिंग फेकून मारतो आणि सरकारी यंत्रणा त्याचा गंभीरपणे तपास करते. डार्टमूरचा तुरुंग कैद्यांसह उचलून समुद्रावर तरंगत नेल्याचेही एका भागात ऐकविले आहे. १९५५ च्या आरंभी जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरील दूरचित्रवाणी-नाट्य गाजत असतानाच गून शोने त्याचे विडंबन केले आणि त्यातील जुलमी सत्तेच्या जागी खुद्द बी.बी.सी.ची स्थापना केली.

अशा कथा रंगमंचावर किंवा पडद्यावर दाखविता आल्या नसत्या. श्रोत्याच्या मनात चित्र उभे करण्यास ध्वनी पुरेसा आहे, हे मिलिगनने नभोवाणीतील अनेक व्यावसायिकांपूर्वी ओळखले. घोड्याच्या टापांपासून स्फोटांपर्यंतचे ध्वनी तोवर कथेला पार्श्वभूमी म्हणून येत. त्याने त्यांना पात्रांचा दर्जा दिला. धावत येणारी पावले आणि अनपेक्षित लांबलेली शांतता हीही विनोदाची सामग्री बनली. तबकड्यांवरील ध्वनी आणि ध्वनिक्षेपकासमोर प्रत्यक्ष काढलेले आवाज यांची सांगड सेकंदाच्या अंशापर्यंत साधावी, असा त्याचा आग्रह असे. लंडनच्या कॅम्डन थिएटरमध्ये रविवारी प्रेक्षकांसमोर मुद्रण होई. ओला, लिबलिबीत आवाज हवा म्हणून त्याने एकदा उपाहारगृहातून कस्टर्ड मागवून ते आपल्या मोज्यात भरले आणि फळीवर आपटून पाहिले, अशी आठवण सांगतात. या आग्रहापायी तंत्रज्ञ व अधिकारी यांच्याशी त्याचे वारंवार खटके उडत. रे एलिंग्टनचे पथक आणि हार्मोनिकावादक मॅक्स गेल्ड्रे यांच्या संगीताने कथेचे दोन-तीन तुकडे पडत, तेवढीच श्रोत्याला उसंत.

यशाची किंमत मिलिगनने फार मोठी मोजली. एका मालिकेत वीस-पंचवीस भाग असत आणि दर आठवड्याला नवी संहिता लागे. लॅरी स्टीव्हन्झ व एरिक साइक्स यांनी काही काळ सहलेखन केले. तथापि मुख्य भार त्याच्यावरच होता. सेलर्स व सीकम रविवारी येऊन वाचन करीत आणि उरलेला आठवडा आपापल्या कामाला जात. मिलिगनचा आठवडा कोऱ्या कागदापुढे जाई. १९५२ च्या अखेरीस त्याचा मानसिक तोल गेला. शेजारी राहणाऱ्या सेलर्सला ठार मारण्याच्या भ्रमाने तो चाकू घेऊन निघाला. त्याला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले आणि कार्यक्रमाचे काही भाग त्याच्याविना झाले. उन्माद व खिन्नता यांची आलटून-पालटून येणारी आवर्तने हे त्याच्या आजाराचे स्वरूप होते. तो जन्मभर टिकला. युद्धातील आघात आणि लेखनाचा ताण यांनी तो बळावला असे मानण्यास जागा आहे. वेड आणि विनोद यांचे नाते गोड मानणाऱ्यांनी त्याच्या आजाराचे पुष्कळदा कौतुक केले. स्वतः मिलिगनने त्याला कधीही प्रतिभेचा उगम मानले नाही. त्याचा पहिला विवाह (१९५२) या वर्षांच्या ताणात मोडला.

व्यवसायाच्या दृष्टीने या काळातील आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. साइक्स तसेच रे गॉल्टन व ॲलन सिम्सन या लेखकांबरोबर मिलिगनने ‘असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स’ ही लेखकांची संस्था उभी केली. शेपर्ड्स बुश येथील भाजीच्या दुकानावरील खोल्यांत तिचा आरंभ झाला. नटांच्या तुलनेने दुर्लक्षित राहणाऱ्या विनोदी लेखकाला स्वतःच्या लेखनावर हक्क व बाजारात वजन मिळवून देण्याचे काम तिने केले. संस्थेचे बिऱ्हाड नंतर बेजवॉटरमधील ऑर्म कोर्ट येथे गेले आणि मिलिगनची लेखनाची खोली तेथे अनेक वर्षे होती.

नट म्हणून मिलिगनची योग्यता रंगभूमीवर अधिक स्पष्ट झाली. १९६१ मध्ये लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये ट्रेझर आयलंडच्या नाट्यरूपात बेटावर एकाकी राहून भ्रमिष्ट झालेल्या बेन गनची भूमिका त्याने केली. जॉन अँट्रोबसच्या सहकार्याने लिहिलेले द बेड-सिटिंग रूम (पहिला प्रयोग १९६२) हे त्याचे महत्त्वाचे नाटक. अणुयुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये एक सरदार किरणोत्सर्गामुळे भाड्याच्या खोलीत रूपांतरित होतो, ही त्यातील कल्पना. सर्वनाशानंतरही माणसे वर्गभेद, टपाल व शिष्टाचार यांना चिकटून राहतात, हे त्यातील मर्म. १९६९ मध्ये रिचर्ड लेस्टरने त्यावर चित्रपट काढला. त्याच्या अभिनयाची खरी कसोटी १९६४ मध्ये लागली. गंचरॉव्ह या रशियन कादंबरीकाराच्या अब्लोमव्ह या कादंबरीवर रिकार्दो अराग्नोने लिहिलेल्या गंभीर नाटकात, हॅमर्स्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये, अंथरूण न सोडणाऱ्या आळशी जमीनदाराची मुख्य भूमिका त्याला देण्यात आली. पहिल्या प्रयोगात धास्तीमुळे तो संहितेपासून भरकटला आणि पदरची वाक्ये घालू लागला. पुढील प्रयोगांत हे भरकटणेच नाटकाचे स्वरूप बनले. तो उशिरा आलेल्या प्रेक्षकांशी बोले, सहनटांना गोंधळात टाकी आणि मध्येच नाटकाबाहेर येऊन नाटकावरच टीका करी. रोज नवे घडत असल्याने लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले. सन ऑफ ऑब्लोमव्ह असे नवे नाव घेऊन हा प्रयोग लंडनच्या वेस्ट एंडमधील कॉमेडी थिएटरमध्ये गेला आणि दीर्घकाळ चालला. १९६५ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ सहकुटुंब प्रयोगाला आली असता प्रेक्षकांत बसलेल्या सेलर्सशी मिलिगनने रंगमंचावरून थट्टामस्करी चालविली. मूळ नाटकाची त्यात धूळधाण झाली, हे खरे. आणि जोन ग्रीनवूडसारख्या कसलेल्या अभिनेत्रीला रोज नव्या अडचणीतून वाट काढावी लागली, हेही खरे. परंतु एकट्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून त्या क्षणी सुचेल ते बोलणाऱ्या विनोदवीराची कला आणि नाट्याभिनय यांतील सीमारेषा या प्रयोगाने पुसून टाकली.

दूरचित्रवाणीवर त्याने लेस्टरच्या दिग्दर्शनाखाली १९५६ मध्ये अ शो कॉल्ड फ्रेड ही मालिका केली. लेस्टर, सेलर्स व त्याने मिळून काढलेला अकरा मिनिटांचा द रनिंग, जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म (१९५९) हा लघुपट ऑस्कर पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. १९६९ मध्ये आलेली क्यू ५ ही बी.बी.सी.वरील मालिका अधिक दूरगामी ठरली. प्रहसनाला कळसाचे वाक्य असलेच पाहिजे, हा संकेत तिने झुगारला. प्रहसने मध्येच सोडून दिली जात आणि नट वेषाला लटकणाऱ्या किमतीच्या चिठ्ठ्यांसह वावरत. त्याच वर्षी काही महिन्यांनी माँटी पायथन मंडळींची मालिका सुरू झाली. आपल्याला करावयाचे ते मिलिगनने आधीच केले, हे पाहून आपण चपापलो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. क्यू ५ चा दिग्दर्शक इअन मॅक्नॉटन याला त्यांनी आपल्या मालिकेसाठी घेतले. क्यू मालिकेचे पुढील भाग १९७५ ते १९८० या काळात आले; त्यांचा दर्जा विषम आहे.

चित्रपटांत त्याला मोठी भूमिका क्वचितच मिळाली. पोस्टमन्स नॉक (१९६२) मध्ये तो नायक होता. लेस्टरच्या द थ्री मस्किटिअर्स (१९७३) मधील वृद्ध पतीची त्याची भूमिका लहान पण नेटकी आहे. माँटी पायथनचा लाइफ ऑफ ब्रायन (१९७९) ट्युनिशियात चित्रित होत असता तो जुन्या रणभूमीच्या दर्शनासाठी तेथे गेला होता. मंडळींनी आग्रह केला म्हणून त्याने एका दृश्यात काम केले आणि उरलेल्या चित्रणाची वाट न पाहता तो निघून गेला.

भारतीय वाचकाला खटकेल असा एक भाग त्याच्या कामगिरीत आहे. गून शोमध्ये लालकाका व बॅनर्जी ही हिंदी पात्रे होती. त्यांचे उच्चार हाच त्यांतील विनोद. जॉनी स्पाइटने लिहिलेल्या करी अँड चिप्स (१९६९) या मालिकेत मिलिगनने तोंडाला रंग फासून अर्धा आयरिश व अर्धा पाकिस्तानी असलेल्या कामगाराचे काम केले. गोऱ्या कामगारांचा वंशद्वेष उघडा पाडणे हा तिचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. पण हसू येई ते अनेकदा आशियाई माणसाचेच. तक्रारींनंतर सहा भागांवर मालिका बंद करण्यात आली. त्याने सहलेखन केलेल्या द मेल्टिंग पॉट (१९७५) या मालिकेचा पहिला भाग दाखविल्यावर बी.बी.सी.ने पुढचे भाग प्रसारित केले नाहीत. बालपणी ऐकलेल्या बोलीचे अनुकरण मिलिगन मायेने करी आणि त्यात अपमान आहे हे त्याला पटत नसे. त्या अनुकरणाचे ओझे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई मुलांना शाळेच्या आवारात वाहावे लागत होते, ही बाजू त्याला दिसली नाही.

याच देशाने त्यालाही परका ठरविले, हा योगायोग विलक्षण आहे. वडिलांचा जन्म आयर्लंडचा आणि स्वतःचा हिंदुस्थानचा. दोन्ही प्रदेश साम्राज्यातून बाहेर पडल्यावर त्याचे नागरिकत्व वादग्रस्त झाले. तीन पिढ्यांची तोफखान्यातील सेवा व युद्धातील जखम यांचा कायद्याच्या दृष्टीने उपयोग नव्हता. ब्रिटिश पारपत्रासाठी राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगितल्यावर त्याने ती नाकारली आणि १९६२ मध्ये आयरिश नागरिकत्व पत्करले.

मिलिगनचे ग्रंथलेखन विपुल आहे. सिली व्हर्स फॉर किड्स (१९५९) हा बालगीतांचा संग्रह एडवर्ड लीअर व लुइस कॅरल यांच्या परंपरेतील आहे. त्यातील ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही कविता १९९८ मध्ये ब्रिटनमधील सर्वांत आवडती विनोदी कविता म्हणून निवडली गेली. पकून (१९६३) या कादंबरीत आयर्लंडच्या फाळणीची सीमारेषा एका गावाच्या दफनभूमीतून जाते आणि मृतांना पारपत्रे लागू होतात. नागरिकत्वाच्या प्रश्नाने स्वतः गांजलेल्या लेखकाची ही कादंबरी आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचण्याजोगी आहे. त्याची सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे सात खंडांतील युद्धस्मृती. ॲडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल (१९७१, म. शी. हिटलरच्या पतनातील माझा वाटा) हा पहिला खंड, अखेरचा पीस वर्क १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेनापतींच्या आत्मचरित्रांचा रुबाब उतरविणारे हे लेखन सामान्य गनराच्या पातळीवरून युद्ध पाहते. थट्टा चालू असतानाच एखाद्या सोबत्याच्या मृत्यूची नोंद दोन ओळींत येऊन जाते. मुसोलिनी : हिज पार्ट इन माय डाउनफॉल (१९७८) या चौथ्या खंडात कास्सीनोच्या परिसरातील आपला मनोभंग त्याने जवळजवळ विनोदाविना सांगितला आहे. पहिल्या खंडावरील चित्रपटात (१९७३) जिम डेलने मिलिगनची आणि मिलिगनने स्वतःच्या वडिलांची भूमिका केली.

आपला आजार त्याने लपविला नाही. ज्या काळात ब्रिटिश समाजात मनोविकाराचा उच्चार कुजबुजत होई, त्या काळात तो नभोवाणीवरून व वृत्तपत्रांतून रुग्णालयातील दिवसांविषयी उघड बोले. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह लिहिलेले डिप्रेशन अँड हाउ टू सर्व्हाइव्ह इट (१९९३) हे पुस्तक रुग्ण व वैद्य या दोन्ही बाजू मांडते. स्मॉल ड्रीम्स ऑफ अ स्कॉर्पियन (१९७२) या संग्रहातील गंभीर कविता त्याच अनुभवाशी निगडित आहेत. पर्यावरण व प्राणिसंरक्षण यांसाठी तो तळमळीने झटे. लंडनच्या केन्झिंग्टन गार्डन्समधील ‘एल्फिन ओक’ या कोरीव वृक्षखोडाची डागडुजी त्याने स्वतः केली. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड कलादालनात एका कलाकृतीचा भाग म्हणून जिवंत मासे विजेच्या धक्क्याने मारले जाणार असल्याचे कळताच त्याने तेथे जाऊन काच फोडली. पशुपक्ष्यांविषयी एवढी करुणा बाळगणारा हा मनुष्य घरच्यांशी व सहकाऱ्यांशी मात्र दिवसचे दिवस अबोला धरी आणि दार लावून बसे.

बी.बी.सी.च्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९७२ मध्ये द लास्ट गून शो ऑफ ऑल हा कार्यक्रम झाला. त्रयी एकत्र आली ती यानंतर क्वचितच. सेलर्स १९८० मध्ये आणि सीकम २००१ मध्ये निवर्तला. युवराज चार्ल्स (२०२२ पासून राजे तिसरे चार्ल्स) हे गून शोचे निस्सीम चाहते होते. १९९४ मध्ये मिलिगनला जीवनगौरव पुरस्कार देताना युवराजांचे अभिनंदनपत्र वाचून दाखविले जात असता त्याने मध्येच त्यांना उद्देशून एक सणसणीत शिवी हासडली. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते, तरी सभागृह हास्यात बुडाले. ब्रिटिश नागरिक नसल्यामुळे १९९२ मधील सी.बी.ई. आणि २००१ मधील ‘नाइट’ हे दोन्ही बहुमान त्याला मानद स्वरूपातच मिळाले. ‘सर’ ही उपाधी नावामागे लावण्याचा अधिकार त्यामुळे त्याला नव्हता.

ससेक्समधील राय या गावाजवळच्या घरी त्याचे निधन झाले. विंचेल्सी येथील सेंट टॉमस चर्चच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले. आपण आजारी असल्याचे आधीच बजावले होते, अशा अर्थाचे वाक्य थडग्यावर कोरावे, ही त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत मान्य झाले नाही. अखेर २००४ मध्ये उभारलेल्या शिलेवर ते आयरिश भाषेत कोरण्यात आले.